कामावरची आई आणि अंगावर पिणारे बाळ

बाळंतपणाची रजा संपत आली की घरात एक निराळीच काळजी सुरू होते. आईला कामावर रुजू व्हावयाचे असते आणि बाळ तर त्या दिवसापर्यंत केवळ अंगावरच्या दुधावर वाढलेले असते. मग बाजारातून बाटली आणली जाते, ती उकळून, दूध भरून बाळाच्या तोंडाशी नेली जाते आणि बाळ तोंड फिरवून घेते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार. आठ दिवसांत आईची झोप उडते, आजी देव पाण्यात घालून बसते आणि वडील आणखी दोन तऱ्हेच्या बाटल्या घेऊन येतात. वरवर पाहता हा प्रश्न एका घरापुरता वाटतो. पण शाळा, ग्रामपंचायत, अंगणवाडी, तहसील कचेरी, दवाखाना, शेत, उसाचा फड, जेथे जेथे स्त्रिया काम करतात तेथे तेथे तो उभा राहतो. आणि त्याचा निकाल बहुधा बाळाच्या विरुद्ध लागतो, म्हणजे अंगावरचे दूध वेळेआधी तोडले जाते. देशातील सहा महिन्यांखालील बालकांपैकी सुमारे ६४ टक्केच निव्वळ अंगावरच्या दुधावर असतात, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. उरलेल्यांपैकी सर्वांच्या आया नोकरी करणाऱ्या असतात असे मुळीच नाही. तथापि कामावरच्या आईची अडचण ही दूर करता येण्याजोगी अडचण आहे, म्हणून तिचा येथे स्वतंत्र विचार करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात अनेक वर्षे काम केले. त्या काळातील दोन बाळे या विषयाच्या संदर्भात नेहमी आठवतात. पहिले एका प्राथमिक शिक्षिकेचे. शासकीय सेवेतील मातेस १८० दिवसांची रजा मिळते, त्यामुळे ती परत रुजू होईपर्यंत बाळ सहा महिन्यांचे झालेले असेल असा आपला समज असतो. परंतु या शिक्षिकेचा रक्तदाब वाढल्यामुळे तिला प्रसूतीपूर्वीच दीड महिना रजेवर जावे लागले होते. परिणामी शाळेत जाण्याचा दिवस उजाडला तेव्हा मुलगा अवघा साडेचार महिन्यांचा होता. शाळा घरापासून चौदा किलोमीटरवर. बाळाला घेऊन आलेल्या आजींनी पहिलेच वाक्य असे उच्चारले, “डॉक्टर, बाटली दिसली की हा रडायला लागतोय. आता सूनबाईंनी नोकरी सोडायची का?” पिशवीतून त्यांनी तीन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

बाळ बाटली का नाकारते?

बाळाच्या या नकारास हट्ट म्हणणे योग्य नाही. अंगावर पिताना बाळ तोंड मोठे उघडते, स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही बराचसा तोंडात घेते आणि जीभ खालून लाटेसारखी फिरवून दूध काढते. आरंभी दूध थोडे येते; मग पान्हा फुटतो, धार वाढते आणि पुन्हा ती मंदावते. म्हणजे दुधाची गती बऱ्याच अंशी बाळाच्या ताब्यात असते. बाटलीच्या निपलमधून मात्र पहिल्या क्षणापासून एकसारखे दूध येत राहते, आणि ते अडविण्यासाठी बाळाला जीभ पुढे दाबावी लागते. निपलचा आकार वेगळा, वास रबराचा किंवा सिलिकॉनचा, ऊब नाही, आईचा श्वास नाही. चार महिने ज्याने एकच रीत जाणली त्याला ही वस्तू अन्नाची आहे हे कळावे तरी कसे? बाटली आईच देत असेल तर गोंधळ आणखी वाढतो. आईच्या अंगाचा वास ज्या अर्थी येतो त्या अर्थी दूध तेथेच आहे, हे बाळाला पक्के ठाऊक असते, आणि त्याचे म्हणणे बरोबरही असते.

यावर गावोगाव एकच सल्ला ऐकावयास मिळतो: “भूक लागली की आपोआप घेईल, आईला दिवसभर लांब ठेवा.” हा सल्ला कटाक्षाने टाळावा. फार भुकेलेले बाळ शिकण्याच्या मनःस्थितीत नसते. ते रडून थकते, झोपी जाते आणि बाटलीविषयीची त्याची भीती मात्र पक्की होते. नाक दाबून किंवा गाल धरून दूध ओतण्याचे प्रकारही पाहण्यात आले आहेत. त्यात दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, हे स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे.

बाटलीवाचूनही मार्ग आहे

आजींना मी विचारले, “तुमच्या वेळी आई नसताना तान्ह्या मुलाला दूध कसे देत असत?” त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “बोंडल्याने. पण आता कोण वापरतं?”

बोंडले म्हणजे एका बाजूस लांबट चोच असलेले लहानसे, पसरट भांडे. पूर्वी अनेक घरांत ते आजोळाहून चांदीचे येत असे. तमिळनाडूत अशाच भांड्याला पालाडै म्हणतात, आणि वेळेपूर्वी जन्मलेल्या अथवा कमी वजनाच्या बाळांना दूध देण्यासाठी आज आपल्या रुग्णालयांतील नवजात शिशु कक्षांतही तेच वापरले जाते. ज्या नाजूक बाळाला ओढण्याची ताकद नसते तेदेखील त्याने दूध घेऊ शकते, मग चार महिन्यांच्या धडधाकट बाळाविषयी शंका कशाला? बोंडले नसेल तर साधी वाटी-चमचा किंवा गोल काठाची लहान वाटी चालते. फक्त एक दक्षता हवी. जुने बोंडले पितळेचे वा तांब्याचे असेल तर ते शोभेसाठी ठेवावे. कल्हई नसलेल्या अशा भांड्यांत ठेवलेले किंवा तापविलेले दूध आणि लहान मुलांचा एक घातक यकृतविकार यांचा संबंध १९८० च्या दशकात पुण्यातील डॉक्टरांच्या अभ्यासांतून पुढे आला होता. दूध देण्यासाठी भांडे चांदीचे किंवा स्टीलचे असावे.

रीत अवघड नाही, पण ती घाईने होत नाही. बाळ पूर्ण जागे असताना आणि भुकेची पहिली चिन्हे दिसताच, म्हणजे ते मुठी चोखू लागले, मान इकडेतिकडे वळवू लागले की सुरुवात करावी. बाळाला मांडीवर जवळजवळ ताठ बसवावे, पाठीला व मानेला हाताचा आधार द्यावा. हात फार हालत असतील तर दुपट्यात सैल गुंडाळावे. वाटी वापरावयाची असल्यास तिचा काठ खालच्या ओठावर हलकेच टेकवावा आणि दूध ओठांना जेमतेम लागेल एवढीच ती कलती करावी. दूध तोंडात ओतावयाचे नसते. बाळ प्रथम जीभ बाहेर काढून चाटते. दोन-तीन दिवसांनी घोट घेऊ लागते. वाटी तशीच कलती धरून थांबावे, बाळ गिळेल, विसावेल, पुन्हा पुढे येईल. बोंडल्याची चोच ओठांच्या कोपऱ्यात ठेवावी, थोडे थोडे दूध सोडावे आणि प्रत्येक वेळी गिळण्याची वाट पहावी. सुरुवातीस निम्मे दूध हनुवटीवरून लाळेऱ्यावर जाते. ते पाहून आयांचा जीव तुटतो, कारण एवढ्या कष्टाने काढलेले दूध वाया जाते. यास्तव पहिले काही दिवस १०-१५ मिलिलिटर इतकेच दूध घ्यावे. वीस मिनिटांत जमले नाही तर थांबावे, बाळाला खेळवावे आणि तासाभराने पुन्हा पहावे.

हा सराव रुजू होण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी सुरू झाला पाहिजे. शेवटच्या रविवारी सुरू केलेला सराव सोमवारी उपयोगी पडत नाही. सरावाच्या वेळी आईने दुसऱ्या खोलीत नव्हे, शक्यतो घराबाहेरच असावे. पुढे दिवसभर जी व्यक्ती बाळाला सांभाळणार आहे, मग ती आजी असो, आत्या असो वा वडील असोत, तिनेच दूध द्यावे. आईची वापरलेली साडी किंवा ओढणी त्या व्यक्तीच्या खांद्यावर असल्यास काही बाळे लवकर शांत होतात. काही बाळांना उलट आईसारखी कुशी नकोच असते. त्यांना बाहेरच्या बाजूस तोंड करून बसवले, अंगणात फिरवत, कोंबड्या दाखवत दिले की ती घेतात. येथे नियम चालत नाही, बाळाचा स्वभाव पहावा लागतो.

आईचेच दूध, दुसऱ्याच्या हातून

आता मुख्य प्रश्न वाटीत काय असावे हा. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही नको, पाणी, मध, घुटीदेखील नको, ही गोष्ट आपल्या वाचकांना नवी नाही. परंतु आई दूर असतानाही तिचेच दूध बाळाला मिळू शकते, यावर अजून पुष्कळांचा विश्वास बसत नाही. पिळून ठेवलेले दूध ‘शिळे’ असते, त्याने बाळाचे पोट बिघडते, अशी समजूत आहे. वस्तुतः मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. तेथे मातांनी काढून दिलेले दूध प्रक्रिया करून अत्यंत नाजूक अशा इतर बाळांना दिले जाते. मग स्वतःच्या मातेचे, सकाळी काढलेले दूध दुपारी बाळाला का सोसू नये?

दूध हाताने काढता येते. त्यासाठी पंपाची गरज नसते. साबणाने हात धुवावेत. रुंद तोंडाचे, झाकणाचे स्टीलचे भांडे स्वच्छ धुऊन उकळून घ्यावे. स्तनाग्रापासून सुमारे दोन बोटे मागे, वर अंगठा आणि खाली बोटे ठेवून प्रथम छातीच्या दिशेने किंचित दाबावे, मग अंगठा व बोटे एकमेकांकडे आणावीत आणि सोडावीत. स्तनाग्रच ओढल्याने दूध येत नाही, वेदना मात्र होतात. आरंभी दोन-तीन मिनिटे केवळ थेंब येतात आणि आई निराश होते. पान्हा फुटावयास मन निश्चिंत असावे लागते. बाळाचे झबले जवळ घेऊन बसल्याने तो फुटतो, असे अनेक आया सांगतात. त्यात नवल नाही, कारण पान्हा फोडणारा संप्रेरक मेंदूतून सुटतो आणि भीती, घाई, दाराबाहेरची चाहूल यांनी तो अडतो. कचेरीत स्वतंत्र खोली का हवी या प्रश्नाचे खरे उत्तर एवढेच आहे. ती लाजेपुरती सोय नव्हे.

किती दूध ठेवावे याविषयी घरोघर घबराट असते. एक ते सहा महिन्यांचे बाळ चोवीस तासांत सरासरी ७५० ते ८०० मिलिलिटर दूध घेते, म्हणजे तासाला सुमारे ३० मिलिलिटर. आई सात-आठ तास दूर असेल तर सव्वादोनशे-अडीचशे मिलिलिटर पुरेसे व्हावे, आणि तेही एकाच दिवशी काढण्याची सक्ती नाही. सकाळी बाळ एका बाजूस पीत असताना दुसऱ्या बाजूचे काढून ठेवता येते. काढलेले दूध झाकून, सावलीच्या थंड जागी ठेवावे. साधारण २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत ते चार तास चांगले राहते. विदर्भ-मराठवाड्याच्या वैशाखात मात्र एवढीही सवलत घेऊ नये. फ्रीजमध्ये दूध याहून अधिक काळ टिकते. पण वीज जाण्याचा अनुभव लक्षात घेता चोवीस तासांत वापरणे शहाणपणाचे. ठेवलेल्या दुधावर साय वेगळी दिसते, रंग निळसर वाटतो. ते नासलेले नसते, हलक्या हाताने ढवळले की एकजीव होते. ते विस्तवावर तापवू नये. वाटी कोमट पाण्यात धरावी. बाळाच्या तोंडचे उरलेले दूध पुढच्या वेळेसाठी ठेवू नये.

आईने कामाच्या ठिकाणीही दर तीन तासांनी दूध काढले पाहिजे. नाहीतर स्तन दगडासारखे होतात, गाठी येतात, ताप भरतो. आणि महत्त्वाचे म्हणजे, न काढलेले दूध पुढे कमी होत जाते. ‘दूध आटले’ असे ज्याला म्हणतात ते बहुधा अशा रीतीने आटलेले असते.

बाटलीच द्यावयाची असल्यास

काही घरांत सर्व ऐकूनही बाटलीच सोयीची वाटते. सांभाळणाऱ्या व्यक्तीचे हात थरथरत असतील, किंवा एकाच बाईकडे चार मुले असतील, तर तो विचार समजण्याजोगा आहे. अशा वेळी दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली, बाळ दीड महिन्याचे होऊन अंगावरचे दूध नीट सुरळीत होण्यापूर्वी बाटली आणू नये. दुसरी, बाटली घेण्यास शिकवण्याची रीतही वर सांगितलेल्या सरावासारखीच आहे. आईऐवजी दुसऱ्याने द्यावी. बाळ अर्धवट झोपेत किंवा नुकतेच उठलेले असताना द्यावी. निपल कोमट पाण्यात धरून उबदार करावी, तिचे छिद्र लहान, थेंब थेंब गळेल असे असावे. निपल ओठांना लावून थांबावे, बाळाने स्वतः तोंड उघडावे. बाटली उभी न धरता आडवी धरावी, अधूनमधून बाहेर काढावी, म्हणजे गतीचा ताबा पुन्हा बाळाकडे जातो. बाटली उशीला टेकवून बाळाला एकटे कदापि सोडू नये.

खरी अडचण स्वच्छतेची. बाटलीचा गळा, निपलच्या आतील वळण येथे दुधाचा थर राहतो आणि उष्ण हवेत त्यात जंतू वाढतात. प्रत्येक वेळी बाटली उघडून, ब्रशने घासून, सर्व भाग पाण्यात बुडवून किमान दहा मिनिटे उकळणे आवश्यक आहे. दिवसातून सहा वेळा हे करावयाचे तर किती इंधन, किती पाणी लागेल याचा हिशेब ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या गावच्या टँकरवरून मांडावा. वाटी मात्र साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून दिसते, धुतली जाते.

याच कारणास्तव १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने दुग्धपर्यायांच्या विक्रीविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली आणि भारताने १९९२ मध्ये दूधभुकटी, दूध पाजण्याच्या बाटल्या व अर्भक आहार यांविषयीचा अधिनियम केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून अंमलात आला व २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला. बाटलीची जाहिरात करणे, तिच्या प्रसारासाठी नमुने वा भेटी वाटणे यांस त्याने बंदी आहे. घरात बाटली वापरणाऱ्या आईवर त्यात कोणताही ठपका नाही. ‘सुदृढ बालक’ स्पर्धेत बक्षीस म्हणून बाटली ठेवण्याचा मोह मात्र संयोजकांनी आवरावा. स्टीलची वाटी-चमचा तितक्याच किमतीत येते.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाचा प्रश्न तर मुळातच सोपा असतो. त्याला मुगाची मऊ खिचडी, नाचणीचे सत्त्व, वरण-भात, कुस्करलेले केळे सुरू करावयाचेच असते. दिवसा हे अन्न आणि वाटीने दूध, सकाळ-संध्याकाळ व रात्री अंगावर, असा क्रम ठेवल्यास बाटली शिकवण्याचे प्रयोजनच उरत नाही. पुष्कळ पालक सातव्या महिन्यात बाटलीची सवय लावतात आणि दुसऱ्या वर्षी ती मोडण्यासाठी दवाखान्यात येतात!

शिक्षिकेच्या मुलाने पहिल्या आठवड्यात दिवसभरात जेमतेम दोन-तीन चमचे दूध घेतले. आई घरी परतली की तो तिला सोडत नसे. रात्री चार-पाच वेळा उठून पिई. आजी घाबरल्या. परंतु दिवसाची भूक रात्री भरून काढणे ही अशा बाळांची नेहमीची रीत असते. चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, बाळ खेळत असेल, वजन वाढत असेल, तर धीर धरावा. लघवी कमी झाली, बाळ मलूल झाले, टाळू खोल गेली किंवा वजन घटले तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. या मुलाचे तसे काही झाले नाही. तिसऱ्या आठवड्यात तो बोंडल्याकडे हात टाकू लागला.

कार्यालयांचा व पंचायतींचा वाटा

येथवरचे काम घराचे. तथापि ही शिक्षिका शाळेत दूध काढू शकली ती मुख्याध्यापकांनी संगणक कक्षाची किल्ली तिच्याकडे दिली म्हणून. त्याआधी पहिले चार दिवस ती शौचालयात उभी राहून दूध काढून टाकून देत असे. कोणी मनाई केली नव्हती. कोणी विचारलेच नव्हते. आपल्या बहुतेक कार्यालयांत नेमके हेच घडते.

कायद्याची बाजू पुरेशी स्पष्ट आहे. मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ मध्ये २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा दिली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे आणि मातेस दिवसातून चार वेळा तेथे जाता यावे, अशी तरतूद केली. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या मधल्या सुटीखेरीज स्तनपानासाठी दोन विराम देण्याचे बंधन मूळ अधिनियमातच होते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही या तरतुदी आल्या आहेत. पण पन्नासाचा आकडा ग्रामीण भागातील किती कार्यालये गाठतात? दोन खोल्यांची शाळा, एका खोलीचे ग्रामपंचायत कार्यालय यांच्यासाठी कायद्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. तेथे एक कडी लागणारी खोली, एक खुर्ची, हात धुण्याची सोय आणि वीस मिनिटे एवढेच लागते.

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. सायंकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे मूल असलेली ती गवळण कडा उतरून गेली. तिच्या नावाचे ‘हिरकणी कक्ष’ आज एस. टी. च्या अनेक स्थानकांवर व शासकीय इमारतींत आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचे बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनास आल्या तेव्हा हा विषय विधिमंडळाच्या आवारातही पोहोचला. पाटी लावणे सोपे असते. कक्षाची किल्ली कोणाकडे आहे, आत जुन्या फायली तर ठेवलेल्या नाहीत, हे महिन्यातून एकदा कोणीतरी पाहिले पाहिजे. हिरकणीला कडा उतरावा लागला, कारण दरवाजा उघडणारे कोणी नव्हते. कथेतील हा भाग आपण सहसा सांगत नाही.

दुसरे बाळ होते ऊसतोड कुटुंबातले. त्याच्या आईला रजा नव्हती, कार्यालय नव्हते, किल्ली देणारे मुख्याध्यापकही नव्हते. प्रसूतीनंतर दीड महिन्याने ती पुन्हा फडात उतरली, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल फेडावयाची असते. पहाटे चारला ती कोपीतून निघे. बाळ आठ वर्षांच्या बहिणीजवळ. या बाळाने बाटली नाकारली नव्हती. उपाशीपोटी ते ती घेऊ लागले होते, आणि घरच्यांना त्याचे समाधान वाटत होते. बाटलीत एक भाग म्हशीचे दूध व तीन भाग पाणी असे. ती झोळीत दिवसभर पडून राही. तिसऱ्या महिन्यात जुलाब सुरू झाले. आमच्याकडे आणले तेव्हा टाळू खोल गेलेली, डोळे आत ओढलेले, रडताना अश्रू नाहीत. तालुक्याच्या रुग्णालयात पाचव्या दिवशी ते सावरले. आईचे दूध तोवर जवळजवळ संपले होते. दर दोन तासांनी बाळाला अंगावर लावावयास सांगितले. पहिले काही दिवस बाळ चिडून ओरडे, कारण धार येत नसे. दोन आठवड्यांत दूध परत आले.

अशा मातेला दूध पिळून थंड जागी ठेवण्याचा उपदेश करणे म्हणजे थट्टा होय. तिच्या बाबतीत दूध बाळाकडे नेण्याऐवजी बाळच दुधाजवळ आणावे लागते. रोजगार हमीच्या कामांवर पाणी, सावली व मुले सांभाळण्याची सोय असावी, हे तत्त्व महाराष्ट्राने १९७० च्या दशकातच स्वीकारले होते; २००५ च्या राष्ट्रीय कायद्यातही पाच किंवा अधिक लहान मुले असलेल्या कामावर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीस नेमून तिला मजुरी देण्याची तरतूद करण्यात आली होती. उसाच्या फडाला हा नियम कधी लागला नाही. परंतु त्या गावच्या सरपंचांनी, त्या स्वतः दोन मुलांच्या आई होत्या, मुकादमाला बोलावून घेतले. चर्चा लांबली. ‘मोळ्या कमी पडतील’ हा मुकादमाचा आक्षेप होता. अखेरीस टोळीतील एका वयस्क बाईने कोयता ठेवून मुलांजवळ बसावे, तिच्या मजुरीचा वाटा ग्रामपंचायत व टोळीने मिळून द्यावा, आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी सकाळी आठ, अकरा व दोनच्या सुमारास येऊन जावे असे ठरले. फडाच्या बांधावर उसाच्या वाढ्यांची सावली उभारण्यात आली. आशा कार्यकर्तीने पिण्याच्या पाण्याचा झाकणाचा हंडा आणि जलसंजीवनीची पाकिटे तेथे ठेवली. फड पुढे सरकला की सावलीही हलवावी लागे. ते काम मुकादमाच्या मुलाने अंगावर घेतले. मार्चमध्ये टोळी परत निघाली तेव्हा त्या सावलीत सात मुले होती.